रुपीचा शेवट

रविवारी धोंडीबाई मालिका बघायला येणार होती, आणि अनसूयाबाईंच्या घशाखाली गुरुवारपासून घास उतरत नव्हता.

खरं तर दिवस आनंदाचे होते. एकतीस कादंबऱ्या लिहून झाल्यावर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, जव्हारच्या अनसूयाबाईंच्या पुस्तकावर मालिका निघाली होती. रोज संध्याकाळी लागते तसली, सासूच्या दागिन्यांची नव्हे. नेटवर दिसणारी, आठ भागांची, बोलणं कमी आणि डोंगर जास्त असलेली. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर बाईंचा फोटो इतका गोरा केला होता की दूधवाल्याने विचारलं, ही तुमची धाकटी बहीण का. गावाने सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला, पाच जणांनी भाषणं केली. त्यातल्या एकानेही पुस्तक उघडलेलं नव्हतं. शेवटच्या वक्त्याने तर त्यांना कवयित्री करून टाकलं, आणि बाईंनी तेही मान डोलावून पत्करलं. दुरुस्त करायचाही त्यांना आता कंटाळा आला होता.

हा कंटाळा जुना होता. तीस वर्षं पंचायत समितीत कारकुनी केली. दिवसा आवक-जावक, संध्याकाळी प्रेम. चहाच्या मळ्याचा मालक, हृदयाचा डॉक्टर, वरून तिरसट पण आतून हळवा कारखानदार, असे एकाहून एक देखणे पुरुष त्यांनी बाद झालेल्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर जन्माला घातले. समृद्धी, किमया, मानसी अशा नावांच्या पोरी त्यांच्यासाठी झुरल्या आणि एकशे अठ्ठ्याहत्तराव्या पानावर त्यांच्याशी लग्न करून मोकळ्या झाल्या. पुस्तकं एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर खपायची, वाचनालयात फाटेपर्यंत फिरायची. नांदेडपासून सावंतवाडीपर्यंतच्या बायकांची पत्रं यायची. ऑफिसात मात्र साहेबापासून शिपायापर्यंत सगळे चिडवायचे, बाई, आमचंही एखादं जमवा की. घरी लक्ष्मणराव, म्हणजे बाईंचे यजमान, भला माणूस. त्यांनी बायकोची एक ओळ कधी वाचली नाही. एकदा ते ‘आज भाजी बरी झालीये’ एवढं म्हणाले होते. ते वाक्य बाईंनी पुढे तीन नायकांच्या तोंडी घातलं. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

बाईंच्या लिहिण्याचं गुपित कुणाला ठाऊक नव्हतं. प्रकरण कागदावर उतरण्याआधी त्या ते मागच्या मोरीच्या पायरीवर बसून मोठ्याने सांगायच्या. समोर धोंडीबाई भांडी घासत असायची. धोंडीबाई मूळची पोशेऱ्याची, लग्न होऊन जव्हारला आलेली. नवऱ्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, दोघांचंही पोट रोजावर. तिला अक्षर येत नव्हतं, पण हात होते. राख आणि काथ्या घेऊन ते हात एका लयीत चालले की बाई समजायच्या, प्रकरण पडलं. हात सावकाश झाले की चालण्यासारखं आहे. आणि हात थांबले, की बाई उठून सरळ टेबलाशी जायच्या. प्रकाशक, वाचक, समीक्षक, सगळं त्या मोरीत होतं. चार वर्षांपूर्वी धोंडीबाईचे गुडघे गेले, काम सोडून ती पोशेऱ्याला परत राहायला गेली, आणि त्या दिवसापासून बाईंनी एक ओळ लिहिलेली नव्हती. नवी बाई कानात मोबाइलचं बोंडुक घालून भांडी घासायची. तिला काय सांगणार.

आता ज्या पुस्तकावर मालिका निघाली, ते त्या एकतीसांतलं वेगळं. ‘शिमग्याला येईन’. त्यात ना डॉक्टर, ना चहाचा मळा. त्यातल्या पोरीचं नाव रुपी, आणि रुपी ही धोंडीबाईची लेक.

खरी रुपी एकोणीस वर्षांची. लग्नाला वर्ष होतंय तोच दिवाळी उरकून नवऱ्याबरोबर, बाबल्याबरोबर, भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेली. दिवाळीनंतर जायचं आणि शिमग्याला परतायचं, ही इकडची रीतच. त्याला जगायला जाणं म्हणतात. शिमग्याला येईन, असं आईला सांगून गेलेली रुपी जानेवारीत तापाने गेली. प्रेत घाट चढवून आणायला गाडी नव्हती, तिथल्या तिथे, भट्टीवरच्याच माणसांनी नेलं. धोंडीबाईला निरोप पोहोचला आठव्या दिवशी. बाबल्या येऊन पायाशी बसला, रडला, आणि परत निघून गेला.

निरोप आल्याच्या तिसऱ्या दिवशी धोंडीबाई कामावर आली. भांडी घासून झाल्यावर तिने पिशवीतून एक हिरवं लुगडं काढलं. शिमग्याला लेक येईल म्हणून घेऊन ठेवलेलं. घडी न मोडलेलं.

“बाई, आता याचा काय करू?” तिने विचारलं.

बाईंना भडभडून आलं. “जपून ठेव,” त्या म्हणाल्या. “मी आहे ना. तुझ्या रुपीला मी मरू देणार नाही.”

आणि त्यांनी दिलं नाही. पुस्तकातली रुपी तापातून उठते. बाबल्या तिला पाठीवर घेऊन डोंगर चढतो. होळी पेटायच्या वेळेला दोघं गावात पोहोचतात आणि आई लेकीला हिरवं लुगडं नेसवते. हा शेवट बाईंनी मोरीच्या पायरीवर सांगितला, तेव्हा धोंडीबाईचे हात असे थांबले की तिच्या मनगटावरची राख वाळून पांढरी झाली. बाईंना आयुष्यात त्याहून मोठी दाद कधी मिळाली नाही. पुस्तकाच्या चौदा आवृत्त्या निघाल्या, पण बाई स्वतःशी हिशेब मांडायच्या तो वेगळा. एकतीस पुस्तकांत आपण एक तरी खरं काम केलं, एका आईला तिची लेक परत दिली, या एका गोष्टीवर त्या बावीस वर्षं जगल्या होत्या.

आणि ती गोष्ट त्यांनीच घालवली होती, निव्वळ कंटाळ्यापायी.

मालिकेचा लेखक ऋत्विक नावाचा मुंबईचा मुलगा. नम्र, दाढीवाला, प्रत्येक वाक्याला ‘मॅम’. त्याने वर्षापूर्वी पटकथेचं बाड पाठवलं होतं, तीनशे पानांचं. बाईंनी दहा पानं वाचली, डोळे चुरचुरले, आणि त्यांनी फोन करून सांगितलं, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. पुढे शूटिंगही इकडेच झालं. भिवंडीला जाण्यापेक्षा सोयीचं म्हणून जामसरला माळावर खोटी वीटभट्टी उभारली आणि आसपासच्या गावांतल्या बायाबापड्यांना मजूर म्हणून रोजावर उभं केलं. खऱ्या भट्टीवर जाणारी माणसं त्या वर्षी खोट्या भट्टीवर गेली. बाई एक दिवस तिथे छत्रीखाली बसून आल्या, डोकं चढलं, परत गेल्या नाहीत.

मग गुरुवारी ऋत्विकचा फोन. “मॅम, उद्या येतेय. शेवटाबद्दल लोक खूप बोलणार बघा.”

“कुठल्या शेवटाबद्दल?”

“मॅम, तुम्ही स्क्रिप्ट वाचलं होतं ना? रुपी जाते. भट्टीवरच. आम्हाला ते जास्त खरं वाटलं.”

बाई खुर्चीत बसल्या. “बदलता येईल का?” त्यांनी विचारलं. आपला आवाज ऑफिसात साहेबाकडे रजा मागताना व्हायचा तसा झालाय, हे त्यांचं त्यांना ऐकू आलं.

“आता कसं शक्य आहे मॅम? पण तो सीन बघाच तुम्ही. त्यातलं बरंचसं इथल्या लोकल बायकांनीच सांगितलंय.”

बाईंनी पुढचं ऐकलं नाही. महिन्यापूर्वी त्यांनीच धोंडीबाईला निरोप धाडला होता, तुझी रुपी आता डोळ्यांनी दिसणार, बघायला ये. पुस्तक तिला वाचता आलं नव्हतं. निदान आता तरी, असं त्यांना वाटलं होतं. आता त्या म्हातारीला समोर बसवून तिची लेक दुसऱ्यांदा मारायची, आणि ती आपल्या नावाच्या पाटीखाली.

दोन दिवस विचार करून त्यांनी एक उपाय काढला. तो उपाय त्यांच्या कादंबरीतल्या खलनायकालाही शोभला नसता, इतका साधा होता. सात भाग दाखवायचे. आठवा लागण्याआधी टीव्हीमागे हात घालून इंटरनेटच्या डब्याची पिन उपटायची. नेट गेलं म्हणायचं. जव्हारात नेट जाण्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही. मग शेवट आपण तोंडाने सांगायचा, जुन्यासारखा. धोंडीबाईला तोच खरा वाटेल, कारण तिच्यासाठी तोच खरा होता.

धोंडीबाई सकाळी दहालाच काळ्या-पिवळ्या जीपने आली. एकटीच, काठी टेकत. हातात कापडी पिशवी. बाईंनी खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. बाईंनी पिशवी बाजूला ठेवायला हात पुढे केला, तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे, हलकी हाय.” नागलीचे पापड आणले असणार, बाईंना वाटलं.

मालिका सुरू झाली. धोंडीबाई मान वर करून बघत होती, आणि अधूनमधून न्यायनिवाडा करत होती. रुपीचं काम करणारी मुलगी भाकरी थापायला बसली, तेव्हा ती म्हणाली, “हिला थापता येत नाय. हात बघा कसा पडतो.” भट्टीवर रुपी पिवळं लुगडं नेसून आली, तर म्हणाली, “तिथं असा कोण नेसतो? दोन दिसांत माती होईल त्याची.” बाबल्या मात्र तिला पसंत पडला. खऱ्यापेक्षा बरा आहे म्हणाली. मध्ये बाईंनी पिठलं-भात केला, दोघी जेवल्या. म्हणजे धोंडीबाई जेवली, बाईंनी भात इकडून तिकडे केला. सहाव्या भागात रुपीला ताप भरला. सातव्यात ती उठेनाशी झाली. नावांची यादी वर सरकायला लागल्याबरोबर त्या उठल्या, पडदा सारखा करायच्या निमित्ताने टीव्हीमागे गेल्या आणि पिन उपटली.

पडद्यावर एक वर्तुळ फिरायला लागलं. “गेलं नेट,” बाई म्हणाल्या. “इथलं तुला माहीतच आहे. आता दोन दोन दिवस यायचं नाही. असू दे, शेवट मी सांगते. माझाच तर आहे.”

बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, गुडघे कुरकुरले तरी बसल्या, आणि सांगू लागल्या. रुपीचा ताप उतरला. बाबल्याने तिला पाठीवर घेतलं. वाटेत पळस फुलले होते. चार वर्षं गोष्ट न सांगितलेला त्यांचा आवाज आधी अडखळला, मग वाटेला लागला. बोलता बोलता सवयीने त्यांची नजर धोंडीबाईच्या हातांवर गेली. हात पिशवीवर होते, स्थिर. पण त्यात आता कळण्यासारखं काही नव्हतं, कारण समोर भांडी नव्हती.

“बाई,” धोंडीबाई मध्येच म्हणाली. “नेट नाय गेला. तुमी मागं हात घातला, मी बघितला.”

बाई थांबल्या.

“लावा. माला ठावं हाय ती मरते.”

“तुला कुणी सांगितलं?”

“वांगणीची सकू. ती होती ना त्या मयतीत. तिला रोजावर घेतलेली, रडायला.” धोंडीबाईने पाय जरा लांब केले. “तिनंच सांगितला त्या लोकांना, असा नाय नेत सवाशिणीला. तवा त्यांनी परत केला सगळा, सकू बोलली, निवांत एक दीस लावला. मी त्याच्यासाठीच आली बाई. पहिले सात नसते दावले तरी चालता.”

बाईंना उठता येईना. धोंडीबाईनेच काठीला धरून उठून त्यांना हात दिला. त्यांनी पिन परत खोचली, आणि डब्यावरचे दिवे एकेक लागेपर्यंत दोघी उभ्याच राहिल्या.

आठव्या भागात रुपी पहिल्या पाच मिनिटांतच गेली. पुढचं सगळं शांत होतं, गाणं नाही, वाजवणं नाही. झोपडीबाहेर बाया जमल्या. त्यात सकू होती, डोक्यावर पदर, खरीखुरी रडत. त्यांनी पाणी तापवलं, रुपीला आंघोळ घातली, हळद लावली. मग एक म्हातारी गर्दीतून पुढे आली. ती रुपीची आई. मालिकेत तिला गावाहून आणली होती, टेम्पोच्या मागे बसवून, कुणीतरी निरोप वेळेत पोहोचवला होता. तिच्या हातात हिरवं लुगडं होतं. सवाष्ण गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. म्हातारीने ते उलगडून लेकीच्या अंगावर घातलं, ओटी भरली, आणि तिच्या कपाळावर अंगठ्याने मळवट भरला, केसांपर्यंत, सावकाश.

बाईंनी शेजारी पाहिलं. धोंडीबाईने पिशवीतून लुगडं काढलं होतं. तेच. हिरवा रंग घडीच्या कडेला उडालेला, पण घडी अजून पहिलीच. ते मांडीवर ठेवून ती रडत होती. आवाज न करता नव्हे. पोटातून, मोठ्याने, बाया मयताला रडतात तशी. बाईंनी तिला कधी रडताना पाहिलेलं नव्हतं. निरोप आला त्या आठवड्यात नाही, त्यानंतरच्या बावीस वर्षांत नाही. बाई समजत होत्या, आपल्या पुस्तकामुळे तिला रडावं लागलं नाही.

पडद्यावर माणसं रुपीला उचलून माळ उतरू लागली. त्यांच्या मागे सकू चालत होती.

बऱ्याच वेळाने धोंडीबाईने पदराने तोंड पुसलं. “माझ्या पोरीला कुणी लुगडा घातला असंल का, ह्याच येत होता मनात. इतकी वर्सं. जुन्या फडक्यात नेली असंल. मळवट नसंल भरला.”

“मला का नाही बोललीस?”

“विचारला होता की तुमाला. याचा काय करू.”

बाईंना तो दिवस आठवला. मोरी, पिशवी, घडी. लेकीच्या अंगावर घालायचं लुगडं अंगावर न घालता राहिलं, आता ते वाहायचं, जाळायचं की कुणाला द्यायचं, एवढंच ती विचारत होती. आणि आपण तिला एक गोष्ट दिली.

“पण शेवट सांगितला तेव्हा तुझे हात थांबले होते,” बाई म्हणाल्या. एवढी एकच गोष्ट त्यांच्या हाती उरली होती. “राख वाळली होती तुझ्या हातावर.”

“चालंनात ते,” धोंडीबाई म्हणाली. “वाटला, सांगावा बाईंना, मेली ती, असा नका करू. पण तुमी केवढ्या खुशीत सांगत होत्या. डोळं भरलेलं तुमचं. मग नाय बोलली. त्यानंतर घरी रडायला बसली तरी येईना. वाटायचा, ती तिकडं पुस्तकात जिती हाय, चौदा वेळा छापली, लोक वाचतात, अन् मी हितं रडते, ह्ये बरा दिसत नाय.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्या बसल्या जागी अगदी थकून गेल्या. एकतीस पुस्तकं, एकशे अठ्ठ्याहत्तर पानं, सगळी त्यांना अंगावर रचल्यासारखी वाटली. जगात ज्या एका वाचकासाठी आपण खरं लिहिलं, तिला आपण बावीस वर्षं सुतकातून उठू दिलं नाही. आणि तिला त्यातून सोडवलं कुणी, तर न वाचलेल्या पटकथेने आणि रोजावर रडायला आलेल्या सकूने. माफी मागावी असं त्यांना वाटलं. पण प्रेमाच्या शंभर कबुल्या लिहिलेल्या बाईला ती दोन वाक्यं जुळवता येईनात.

“धोंडीबाई,” त्या म्हणाल्या, “चुकलं माझं.”

“तुमी तरी काय करनार,” धोंडीबाई म्हणाली. “तुमचा कामच ता.” तिने लुगड्याची घडी उचलली, पहिल्यांदाच ती मोडली, आणि कापड उलगडून उजेडात धरलं. कुठे कसर लागलेली नव्हती. “चांगला हाय अजून. सकूच्या नातीचा लगीन हाय माघात. तिला देते. नेसंल कुणीतरी.”

बाईंनी मान हलवली. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता. त्याला चारची वेळ सांगितलेली होती. धोंडीबाई मात्र उठली नाही. लुगडं तसंच उलगडलेलं मांडीवर घेऊन तिने टीव्हीकडे बोट केलं.

“त्याला थांबायला सांगा,” ती म्हणाली. “अन् ता परत लावा. आंघोळ घालतात तिथून.”

बाईंनी चष्मा लावला, रिमोट हातात घेतला, आणि मागे नेण्याचं बटण शोधू लागल्या.